आगबोटीवरची कमाई

परवा सहावीच्या वर्गावर नफा-तोटा शिकवत होते. खरेदी किंमत, विक्री किंमत, हमाली, वाहतूक, सगळं फळ्यावर मांडलं. मुलांनी आंबे विकले, सायकली विकल्या, म्हशीही विकल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, जे विकताच येत नाही असं काही असतं का?"

वर्ग विचारात पडला. कुणी म्हणालं सूर्य, कुणी म्हणालं हवा. (हवा सायकलच्या दुकानात पैसे देऊन भरावी लागते, हे दुसऱ्याने लगेच सांगितलं!) शेवटी एक मुलगी म्हणाली, "माणूस! माणसाला कोण विकणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला काही मान डोलावता येईना. कारण माणसं विकली गेली आहेत. त्यांच्या किमती कागदावर लिहिल्या गेल्या आहेत, आणि त्यांची घासाघीससुद्धा झाली आहे. एवढंच नाही, तर काही माणसांनी पै-पै जमवून स्वतःलाच विकत घेतलं आहे. मुलांना हे पटेना. "स्वतःला कसं विकत घेणार बाई?" तास संपायला दहा मिनिटं उरली होती, ती काही पुरली नाहीत. म्हणून आज तीच गोष्ट तुम्हाला सांगायला बसले आहे. गोष्ट अमेरिकेतली आहे, नदीवरची आहे, आणि आगबोटींची आहे.

आगबोट हा शब्द तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलाय? आमची आजी मुंबईहून कोकणात जायची ती आगबोटीनेच, असं ती सांगायची. आत भट्टी पेटवायची, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेच्या जोरावर बोट चालवायची. आपल्याकडे आगबोटी समुद्रावर चालायच्या. अमेरिकेत त्या मोठमोठ्या नद्यांवरही चालायच्या.

आता एक कागद घ्या. वरून खाली एक लांब रेघ ओढा. ही मिसिसिपी नदी, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी. अगदी खाली, समुद्राजवळ, न्यू ऑर्लिन्स शहर. आता उजवीकडून, म्हणजे पूर्वेकडून, दुसरी एक रेघ आणून मधोमध मिसिसिपीला मिळवा. ही ओहायो नदी. या दुसऱ्या रेघेच्या वरच्या बाजूला "गुलामगिरी नाही" असं लिहा आणि खालच्या बाजूला "गुलामगिरी आहे" असं लिहा. दोन नद्या मिळतात त्याच्या थोडं वर, मिसिसिपीच्या डाव्या काठावर सेंट लुईस शहर काढा. ते मिसुरी राज्यात येतं आणि तिथे गुलामगिरी आहे. बरोबर समोरच्या काठावर इलिनॉय राज्य, तिथे ती नाही. झाला आपला नकाशा. हा कागद जवळच ठेवा, पुढे लागणार आहे.

गुलाम कोण? आफ्रिकेतून जबरदस्तीने आणलेली काळी माणसं आणि त्यांची मुलं-नातवंडं. कायदा असा होता की आई गुलाम असेल तर मूल जन्मतःच गुलाम. मग बाप कुणीही असो. गुलामाने काम करायचं आणि मजुरी मालकाने घ्यायची. मालक मेला की त्याच्या गाई-घोड्यांबरोबर, टेबल-खुर्च्यांबरोबर गुलामांचीही वाटणी व्हायची. अमेरिकेत ही पद्धत कायद्याने संपली ती 1865 साली.

नदीवर पहिली आगबोट आली 1811 मध्ये. तिचं नावच "न्यू ऑर्लिन्स". त्याआधी प्रवाहाच्या उलट दिशेने माल न्यायचा म्हणजे दोऱ्यांनी बोट ओढायची, बांबूसारख्या लांब काठ्यांनी ढकलायची. न्यू ऑर्लिन्सहून ओहायो नदीवरच्या लुईव्हिलला पोचायला तीन-चार महिने लागायचे. 1850 च्या सुमाराला आगबोट तेच अंतर आठवड्याभरात तोडू लागली. आणि काय थाट होता त्या बोटींचा! दोन-तीन मजले, उंच धुरांडी, वर श्रीमंत प्रवाशांसाठी गालिचे आणि झुंबरं, खाली कापसाचे गठ्ठे, पिंपं, जनावरं, लाकडाचे ढीग. अशा शेकडो बोटी या नद्यांवर फिरायच्या. त्यांच्यावर धोकाही होता बरं का. बॉयलर फुटून कितीतरी माणसं मेली.

या बोटींवर राबणाऱ्यांमध्ये काळी माणसं खूप होती. काही गुलाम, काही स्वतंत्र. बोट चालवणारा पायलट सहसा गोराच. भट्टीत लाकडं घालणं, ओझी चढवणं-उतरवणं, स्वयंपाक, वाढप, केबिनची झाडलोट, प्रवाशांची दाढी-हजामत, अशी कामं काळ्यांच्या वाट्याला. ज्या कामांना गोरे लोक नाकं मुरडायचे ती. पण गंमत बघा, यातल्याच काही कामांमध्ये दोन पैसे हातात राहायचे. प्रवासी बक्षिसी द्यायचे. वाढपी एका बंदरात स्वस्त मिळालेली वस्तू पुढच्या बंदरात नेऊन विकायचा. काठावरच्या मळ्यांतले गुलाम कोंबड्या, भाजीपाला घेऊन धक्क्यावर यायचे आणि बोटीवाल्यांना विकायचे. कुठल्या गावात काय महाग, काय स्वस्त, ही बातमी बोटीबरोबर फिरायची. व्यापाराची शाळाच होती म्हणा ना.

केस कापणाऱ्याचं तर वेगळंच होतं. तो बऱ्याचदा बोटीचा नोकर नसायचा. बोटीवरची एक छोटी खोली भाड्याने घ्यायची, भाडं दिलं की वरची कमाई आपली. म्हणजे तो दुकानदारच, फक्त दुकान पाण्यावर चालणारं!

अशाच एकाचं नाव जेम्स थॉमस. पण त्याच्याआधी त्याच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण खरी हिशेबी तीच.

आईचं नाव सॅली. नॅशव्हिल शहरात राहणारी गुलाम बाई. मालकाच्या परवानगीने ती लोकांचे कपडे धुवायची. साबणसुद्धा घरी करायची. मिळकतीतला वाटा मालकाला आणि उरलेले पैसे बाजूला. तिला तीन मुलगे होते आणि तिने मनाशी एकच ठरवलं होतं, तिघांनाही सोडवायचं. थोरला जॉन. त्याला तिने नदीवर मालाच्या बोटी चालवणाऱ्या एका गोऱ्या कप्तानाकडे कामाला लावलं. तो कप्तान मरताना मृत्युपत्रात लिहून गेला की माझ्या पैशांतून याला विकत घ्या आणि मोकळं करा. 1829 मध्ये जॉन सुटला. मधला हेन्री. त्याला आईने सांगितलं, तू पळ. तो पळाला, वाटेत पकडला गेला, पुन्हा निसटला आणि ओहायो नदी ओलांडून गेला. (बघा तुमचा नकाशा. खालून वर!)

राहिला धाकटा जेम्स. त्याला विकायची वेळ आली तेव्हा तो सहा-सात वर्षांचा होता. साल 1834. किंमत सांगितली 400 डॉलर. सॅलीजवळ किती होते? 350. कपडे धुऊन, वर्षानुवर्षं साठवलेले. आता 50 डॉलर कुठून आणायचे? ती ओळखीच्या एका वकिलाकडे गेली. त्याने वरचे पन्नास घातले आणि नंतर सॅलीने तेही फेडले. मुलगा तिच्याजवळ राहिला.

हे गणित मी फळ्यावर घातलं होतं. 400 वजा 350. सहावीच्या मुलांना ते फारच सोपं वाटलं, उत्तर एका दमात आलं. मग मी ते 400 कशाचे हे सांगितलं आणि वर्ग गप्प झाला.

आणखी एक सांगू? जेम्सचे वडील गोरे होते. साधेसुधे नाही, मोठे न्यायाधीश. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन बसले. त्यांनी या मुलासाठी काय केलं? जेम्सने म्हातारपणी आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात हिशेब दिला आहे. एकदा पंचवीस सेंट दिले होते. म्हणजे पाव डॉलर.

जेम्स केस कापायला शिकला. स्वतःचं दुकान काढलं. 1851 मध्ये कायद्यानेही तो स्वतंत्र झाला. पण ते बघायला सॅली नव्हती, आदल्याच वर्षी ती पटकीच्या साथीत गेली. पुढे जेम्सने आगबोटींवर वस्तरा चालवला, नदीवरून खूप फिरला आणि 1857 मध्ये सेंट लुईसला स्थायिक झाला. बोटीवरच्या खुर्चीत बसणारे व्यापारी, जमीनदार, वकील दाढी होईपर्यंत बोलायचे. कुठे रस्ता होतोय, कुठे जमीन वर जाणार आहे. केस कापणारा ऐकायचा. जेम्सने घरं घेतली, जागा घेतल्या. शहरातल्या श्रीमंत काळ्या माणसांत त्याची गणना होऊ लागली. मात्र 1896 च्या भयंकर वादळाने सेंट लुईसमधली घरं पाडली, त्यात त्याचंही फार नुकसान झालं. 1913 मध्ये तो वारला तेव्हा त्या संपत्तीतलं थोडंच शिल्लक होतं.

बोटीवर दुसरं मानाचं काम स्टुअर्डचं. स्टुअर्ड म्हणजे बोटीच्या कोठीचा आणि जेवणखाणाचा कारभारी. शे-दोनशे प्रवाशांना दोन्ही वेळ काय वाढायचं, सामान कुठल्या बंदरावर घ्यायचं, मांस खराब होण्याआधी कसं वापरायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात. सॅम्युअल विलकॉक्स हा काळा स्टुअर्ड ओहायोच्या बोटींवर होता. त्याने 1850 मध्ये सिनसिनाटी शहरात किराणा दुकान काढलं. उत्तम प्रतीचं खारवलेलं मांस, सुकामेवा, साबण असा माल ठेवला आणि दुकानाची वर्षाची उलाढाल एक लाख चाळीस हजार डॉलरपर्यंत नेली. सॅलीच्या 400 डॉलरशी हा आकडा ताडून बघा.

सिनसिनाटी तुमच्या नकाशात कुठे? ओहायो नदीच्या वरच्या काठावर. म्हणजे गुलामगिरी नसलेल्या बाजूला. पण म्हणून तिथे सगळं छान होतं असं समजू नका हं. 1829 मध्ये आणि 1841 मध्ये गोऱ्यांच्या जमावाने काळ्यांच्या वस्तीवर हल्ले केले. 1841 मध्ये तर चक्क तोफ ओढत आणली होती. काळ्या माणसाने मजुरी करावी, धंदा करू नये, असं पुष्कळांना वाटायचं.

त्याच गावातली रॉबर्ट गॉर्डनची गोष्ट मुलांना सगळ्यात जास्त आवडली. तुम्हालाही आवडेल.

गॉर्डन व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात, एका कोळशाच्या वखारीत गुलाम होता. वखार सांभाळायचा तोच, कारण मालकाचा त्याच्यावर विश्वास. कोळसा हलवताना, भरताना खाली चुरा पडतो. मालक म्हणाला, तो चुरा तुझा. त्या चुऱ्याची मालकाला किंमत नव्हती. पण कारखानेवाल्यांना तो हवा होता. गॉर्डन चुरा विकत गेला, पैसे जमवत गेला. एक दोन डॉलर नाही, हजारो! 1846 मध्ये त्याने त्या चुऱ्याच्या पैशांतून स्वतःला विकत घेतलं आणि पुढे सिनसिनाटीला आला. हातात पंधरा हजार डॉलर होते.

तिथल्या काळ्या मित्रांनी त्याला कोळशाच्या धंद्यात पडू नकोस असं बजावलं. गोरे व्यापारी तुला टिकू देणार नाहीत. पण ज्याचं आयुष्य कोळशात गेलं त्याने दुसरं काय करायचं? त्याने नदीकाठी वखार घातली, स्वतःचा धक्का बांधला, सपाट बुडाच्या मोठ्या बोटी भरभरून कोळसा मागवायला सुरुवात केली, हिशेबाला कारकून ठेवले. गिऱ्हाईक वाढलं.

मग व्हायचं तेच झालं. गोऱ्या कोळसेवाल्यांनी एकी केली आणि कोळशाचा भाव पाडला. इतका पाडला की त्या भावात विकलं तर तोटाच. आपण तोटा सोसू, पण हा आधी बुडेल, असा त्यांचा डाव. आता तुम्ही गॉर्डनच्या जागी असता तर काय केलं असतं? इथे थांबा आणि खरंच विचार करा. आमच्या वर्गात एकाने सांगितलं, दुकान बंद करून गावाला जायचं. एकीने सांगितलं, आपणही भाव पाडायचा. गॉर्डनने यातलं काहीच केलं नाही.

त्याने काही माणसं ठेवली. ती होती काळ्यांपैकीच, पण रंगाने इतकी उजळ की पाहणाऱ्याला गोरीच वाटावीत. (मिश्र घरांतली अशी माणसं खूप होती.) त्यांना त्याने त्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्याच वखारींवर पाठवलं. जा आणि घ्या तो स्वस्त कोळसा! तोच कोळसा त्याच्या गिऱ्हाइकांच्या दारात पडू लागला. आणि त्याची स्वतःची वखार? ती भरलेलीच राहिली, एक ढेकूळ हललं नाही. मग थंडी आली. ओहायो नदी गोठली. नदीवर बर्फ म्हणजे बोटी बंद, बोटी बंद म्हणजे नवा कोळसा बंद. गोऱ्या व्यापाऱ्यांचा माल केव्हाच स्वस्तात संपला होता. गावात कोळसा उरला होता गॉर्डनकडे, आणि भाव चढला होता.

वर्गात टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर मीही हसले. पुन्हा त्याला बुडवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. 1865 पर्यंत त्याने धंदा केला आणि मग निवांत घरी बसला.

आता सेंट लुईसला चला. तीन डॉलरची गोष्ट राहिली आहे.

जॉन बेरी मीचमचा जन्म 1789 चा, व्हर्जिनियातला, गुलाम म्हणून. पुढे मालक केंटकी राज्यात गेला. मीचम सुतारकाम आणि पिंपं बनवायचं काम शिकला. शिवाय गुहेतून सोरा काढायचं काम केलं. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूत घालतात तो. त्यातून पैसे जमवले आणि आधी स्वतःला सोडवलं, मग व्हर्जिनियाला जाऊन वडिलांना विकत घेऊन सोडवलं. वाक्य परत वाचा. मुलाने वडिलांना विकत घेतलं. त्याची बायको मेरी हीसुद्धा गुलाम होती, आणि तिचा मालक तिला आणि मुलांना घेऊन मिसुरीला निघून गेला. मीचम त्यांच्या मागोमाग निघाला. 1815 मध्ये सेंट लुईसला पोचला तेव्हा खिशात तीन डॉलर होते. हे त्याने स्वतःच पुढे 1846 मध्ये एका पुस्तिकेत लिहून ठेवलंय.

तीन डॉलर आणि हातात कसब. हे कसबही नदीवर चालणारंच होतं. तेव्हा पोती, खोके फार नव्हते. पीठ, साखर, मळी, खारवलेलं मांस, चरबी, दारू, सगळं लाकडी पिंपांतून जायचं. पिंप आडवं केलं की एक माणूस गडगडवत नेऊ शकतो, म्हणून बोटीवर चढवायला सोपं. पिंप करणं मात्र मुळीच सोपं नाही. फळ्या मधे रुंद आणि टोकांना निमुळत्या तासायच्या, शेक देऊन वाकवायच्या, कडी ठोकून बसवायच्या आणि थेंबभरही गळता कामा नये. खिळा नाही, डिंक नाही! आगबोटी वाढल्या तशी सेंट लुईसच्या धक्क्यावर पिंपांची मागणी वाढली. मीचमने बायको-मुलांना सोडवलं आणि पिंपांचा कारखाना काढला.

आणि मग त्याने एक अशी गोष्ट केली जिच्यावरून आमच्या वर्गात भांडण झालं. त्याने गुलाम विकत घेतले. जवळजवळ वीस. त्यांना आपल्या कारखान्यात पिंपं करायला, सुतारकाम करायला शिकवलं. त्यांनी काम करून आपली किंमत फेडायची आणि मोकळं व्हायचं. मग त्या पैशांतून पुढचा माणूस. 1846 मध्ये त्याने लिहिलं की यांतले सगळे स्वतंत्र होऊन नीट मार्गाला लागले आहेत, एकच राहिला, कारण तो दारुडा आहे. (मीचमला दारूचा भारी तिटकारा.) पण हेही सांगायला हवं की त्याच्या ताब्यातल्या काही जणांनी आपल्या स्वातंत्र्यासाठी त्याच्यावरच कोर्टात दावे लावले होते. म्हणजे कागदोपत्री मालक तो होता आणि कुणाकुणाला ते बोचत होतं.

"बाई, त्याने फुकटच सोडायला हवं होतं!" एक गट. "फुकट सोडलं तर पुढच्याला घ्यायला पैसे कुठून येणार?" दुसरा गट. मी मधे पडले नाही.

मीचम धर्मोपदेशकही होता. सेंट लुईसमधल्या काळ्या लोकांचं चर्च त्याने उभं केलं आणि मरेपर्यंत, म्हणजे 1854 पर्यंत, चालवलं. चर्चच्या तळघरात शाळा भरायची. अक्षरं, वाचन, आकडेमोड. कारण उघड आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला आपल्या सुटकेच्या कागदावर काय लिहिलंय ते कसं कळणार? आणि तो कागद सतत जवळ लागायचा. स्वतंत्र काळ्या माणसालाही मिसुरीत राहायला परवाना काढावा लागायचा!

1847 मध्ये मिसुरी सरकारने कायदा केला की काळ्या लोकांना लिहायला-वाचायला शिकवणारी शाळा राज्यात कुणी चालवायची नाही. चालवली तर पाचशे डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद. मी स्वतः शिक्षिका आहे. हा कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आपलं पुणं आठवलं. कारण पुढच्याच वर्षी, 1848 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तिथे कायद्याची बंदी नव्हती, तरी सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल-शेण पडलंच. जोतीरावांना अमेरिकेतल्या गुलामांची हकीकत चांगली ठाऊक होती. 1873 मध्ये त्यांनी "गुलामगिरी" हे पुस्तक लिहिलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं आहे.

मीचमने त्या कायद्यावर काय केलं? सेंट लुईसमध्ये पिढ्यान् पिढ्या सांगत आलेली हकीकत अशी. काढा नकाशा. नदीचा डावा काठ मिसुरीचा, कायदा तिथला. पण भर प्रवाहातली नदी कुणा एका राज्याची नव्हे, तिथे सत्ता अमेरिकेच्या केंद्र सरकारची. मीचमकडे स्वतःची आगबोट होती. तिच्यात त्याने बाकं टाकली, पुस्तकं आणली, आणि बोट नदीच्या मधोमध नेऊन नांगर टाकला. मुलांना छोट्या होड्यांतून सकाळी बोटीवर न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. काठावरचे पोलीस बघत राहिले! लोकांनी त्या शाळेला नाव दिलं "तरंगती स्वातंत्र्यशाळा". विचार करा, वर्ग हलतोय, खिडकीबाहेर दुसऱ्या आगबोटी धूर सोडत चालल्या आहेत, आणि आत पाढे चालू आहेत.

मीचमच्या शाळेत शिकलेला एक मुलगा जेम्स मिल्टन टर्नर. तोही जन्माने गुलाम. गुलामगिरी संपल्यावर त्याने मिसुरीत गावोगाव फिरून काळ्या मुलांसाठी शाळा उघडायला लावल्या, आणि 1871 मध्ये अमेरिकेने त्याला आपला प्रतिनिधी म्हणून आफ्रिकेतल्या लायबेरिया देशात पाठवलं.

आणि मेरी? जिच्यामागे मीचम तीन डॉलर घेऊन आला होता ती मेरी. नवरा गेल्यावर वर्षभराने, 21 मे 1855 च्या रात्री, तिने आठ-नऊ गुलामांना होडीत घालून समोरच्या इलिनॉयच्या काठावर पोचवायचा बेत केला. होडी पलीकडे पोचली. पण तिथे शिपाई दबा धरून बसले होते. काही जण निसटले, काही पकडले गेले, आणि मेरीलाही अटक झाली. ज्या जागेवरून ती होडी सुटली तिला आज मेरीचं नाव दिलेलं आहे.

आमच्या वर्गातलं भांडण अजून मिटलेलं नाही. मीचमने माणसं विकत घेतली ते बरोबर की चूक? एक गट म्हणतो बरोबर, एक म्हणतो चूक, आणि एक मुलगी म्हणते, "ज्यांना विकत घेतलं त्यांना विचारा." तुमचं काय म्हणणं? कार्डावर दहा ओळींत लिहा आणि नेहमीच्या पत्त्यावर पाठवा. नाव, इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका. मागच्या वेळी तीन कार्डांवर नावच नव्हतं!